कॉमासकट

१

मास्तर मेले ते कामाच्याच खुर्चीत. उतरत्या टेबलावर प्रुफं होती, प्रुफांवर उजवा हात होता, हातात पेन्सिल होती. डोकं पुढे कललेलं. गळ्याभोवती करडी मफलर होती. घशाच्या दुखण्यामुळे ती बारा महिने तेरा काळ तिथेच असायची, पण त्या दुपारी कुणीतरी ती जीव जाईपर्यंत आवळली होती.

इन्स्पेक्टर बाई आल्या तेव्हा छापखान्यातली यंत्रं बंद होती आणि माणसं जिन्यात घोळका करून उभी होती. बाई मध्यमवयीन, अंगाने आडव्या, बोलताना मध्येच थबकणाऱ्या. चौकीत त्यांना पाठीमागे 'कॉमाबाई' म्हणत. त्याला कारणही होतं. त्यांचे इंग्रजी अहवाल मोठ्या साहेबांकडून लाल शाईने रंगून परत यायचे. "कॉमा म्हणजे काय चिमूटभर मीठ आहे, हाताला येईल तिथे टाकायला?" असं साहेब चारचौघांत म्हणाले होते, आणि हे असले शब्द चौकीत कधी मरत नाहीत.

आणि आता नशिबाने धाडलं होतं कुठे, तर थेट कॉमांच्या माहेरी. हा छापखाना इंग्रजी पुस्तकं छापायचा, शिवाय औषधांच्या खोक्यातली घडीची पत्रकं. वरच्या मजल्यावर फळ्यांच्या आडोशाने केलेली वाचनाची खोली होती. तिच्या भिंतीवर एकेका प्रकाशकाचे नियम चिकटवलेले. या प्रकाशकाला 'अँड'च्या आधी कॉमा हवा, त्याला तो डोळ्यांसमोर नको. एकाचा फुलस्टॉप अवतरणाच्या आत, दुसऱ्याचा बाहेर. बाईंनी दोन कागद वाचले, तिसऱ्यापाशी त्यांना गरगरलं.

"रोज यातच बुडालेले असायचे दोघं," छापखान्याचा मालक म्हणाला. बारीक, चिंतातुर माणूस, सारखे हात चोळणारा. "मूळ प्रत भोंगा मोठ्यानं वाचतो. म्हणजे आमचा वाचक, आवाजामुळे भोंगा म्हणतात त्याला. आणि मास्तर प्रुफावर बोट ठेवून ऐकायचे. शब्द, कॉमा, फुलस्टॉप, सगळं बोलून वाचायचं. परिच्छेद संपला की मास्तर पेन्सिल टेबलावर वाजवायचे, टक टक. म्हणजे ऐकलं, पुढे चल."

"आज वाचन झालं?"

"झालं की! जेवायची वेळ झाली म्हणून मीच दार उघडलं. भोंगा शेवटचं पान वाचत होता. मास्तर पाठमोरे बसले होते, असेच वाकून. मी हाक मारणार तर भोंग्यानं ओठावर बोट ठेवलं. म्हटला, कॉमे तपासतायत, आत्ता छेडू नका. मग आम्ही दोघं बरोबरच खाली गेलो. जेवणभर तो माझ्यासमोर होता."

"आणि मग?"

मालकाने मान खाली घातली. "मग मास्तरांची मुलगी आली. वर गेली. दुसरं कुणी गेलं नाही."

वाचनाच्या खोलीला लागूनच पुस्तकं शिवायची खोली होती, मध्ये फक्त एक फळी. तिथल्या बाइंडर मावशींनी डोळे पुसत सांगितलं, "तिचं ओरडणं मी माझ्या कानांनी ऐकलं हो. 'तुम्ही मला जिवंतपणी मारलंत, बाबा!' असं म्हणाली. मग गप्प. आणि मग ती किंकाळी."

मोठ्या साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उघड आहे. उद्या संध्याकाळपर्यंत मुलीवर आरोप ठेवा. आणि अहवालात कॉमे कमी घाला."

२

मास्तरांची लेक चौकीतल्या बाकावर बसली होती. तीसेक वर्षांची असेल. नवरा अपघातात गेलेला, पदरात चार वर्षांची पोर. पोरीला शेजारणीकडे ठेवून आली होती, आणि आल्यापासून एकच विचारत होती: "तिला घ्यायला कोण जाईल?"

"दुसरं कुणी नाही?"

"बाबा होते."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो हातात धरून ठेवला.

"तू त्याच छापखान्यात होतीस ना? अक्षरजुळणीला?"

"होते. हाकलेपर्यंत." ती कोरडं हसली. "तुम्हाला माहितेय सगळं. सगळ्या गावाला माहितेय. पोरांना मारणारी ती मीच."

माहीत होतंच. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक त्या छापखान्यातून गेलं होतं. औषध कंपनी परदेशातली. त्यांच्याकडे अपूर्णांकाला टिंबाऐवजी कॉमा देतात, म्हणून मूळ प्रतीत मात्रा होती एक कॉमा पाच. म्हणजे दीड. छापून गेले पंधरा. दोन मुलं दगावली, तेव्हा कुठे खोकी परत मागवली.

"मी जुळवलं होतं एक कॉमा पाच. जसंच्या तसं," लेक म्हणाली. "प्रुफ वाचून परत आलं तर त्यात कॉमा खोडलेला. आमचा नियमच आहे, बाई. प्रुफावर खूण असेल ती मुकाट्यानं करायची, आपली अक्कल पाजळायची नाही. इंग्रजी आकड्यांत कॉमा हजारांसाठी असतो, मला वाटलं बाबांना जास्त कळतं. मी काढला. आणि चौकशी लागली तेव्हा ते प्रुफच कपाटातून गायब! म्हणजे मी खोटारडी."

"तुझे वडील काय म्हणाले चौकशीत?"

तिने पेला बाकावर ठेवला. "म्हणाले, अशी खूण केल्याचं मला आठवत नाही."

ही पोरगी खोटं बोलत असेल तर फार छान बोलते, आणि खरं बोलत असेल तर बापाला मारायला याहून मोठं कारण शोधून सापडणार नाही. दोन्हीकडून फास तिच्याच गळ्यात होता.

"मग आज का गेलीस?"

"त्यांनीच बोलावलं. सकाळी फोन आला. 'जेवायच्या वेळेला ये, बोलायचंय,' म्हणाले. त्या चौकशीनंतर पहिल्यांदा. मी ठरवूनच गेले होते, की आज सगळं तोंडावर सुनवायचं. दार ढकललं, ते पाठमोरे बसले होते. मी बोलत सुटले. तोंडाला येईल ते बोलले. ते वळलेसुद्धा नाहीत. मला वाटलं, तेव्हा बसले तसेच आताही गप्प बसलेत. संताप झाला माझा. मग मी त्यांच्या खांद्याला हात लावला."

तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"खांदा गार होता," ती म्हणाली.

३

खांदा गार असल्याचं काय, कुणीही सांगेल. डॉक्टरांना विचारलं तर ते हात वर करून मोकळे झाले. खोलीत पंखा, खिडकी उघडी, अंग बारीक. तासा-दोन तासांचा फरक छातीठोकपणे सांगता येणार नाही, म्हणाले. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली. मास्तरांनी सुटायची धडपड केली होती, नखांत थोडी कातडी होती. लेकीच्या हातांवर ओरखडा नव्हता. "मानेवरची स्वतःचीही असेल," असं म्हणून मोठ्या साहेबांनी तो मुद्दा झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई छापखान्यात हजर. भोंगा त्यांची वाटच पाहत होता. पन्नाशीचा, गोरटेला, गोड बोलणारा. डोळे सुजलेले. उकाड्याने सगळे घामाघूम झाले होते, त्याच्याही शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, पण बाह्या मात्र मनगटापर्यंत व्यवस्थित बंद.

"वीस वर्षं, बाई! वीस वर्षं आम्ही एका टेबलाशी बसलो. बायकोशी बोललो नसेन तेवढं त्यांच्याशी बोललो, आणि तेसुद्धा सगळं दुसऱ्याचं लिहिलेलं!" त्याचा आवाज खरंच घंटेसारखा होता. रडतानाही घुमत होता.

"कालचं वाचन कसं झालं?"

"एकदम सुरळीत. कायद्याचं पुस्तक होतं. सकाळी बसलो ते जेवणापर्यंत एका दमात. प्रुफं इतकी स्वच्छ, की मास्तरांनी पेन्सिल फक्त टकटक करायला वापरली."

"मास्तर काही काळजीत होते?"

त्याने सुस्कारा सोडला. "मेलेल्या माणसाच्या घरातलं बोलू नये. पण लेकीचं दडपण होतं त्यांच्यावर. 'ती येणार आहे, मला भीती वाटते,' म्हणाले. मी म्हटलं, मी थांबू का? नको म्हणाले. थांबलो असतो तर..." आणि त्याने तोंड झाकून घेतलं.

किती नीट बसत होतं सगळं! बाईंना नीट बसणाऱ्या गोष्टींचा फार राग यायचा. त्यांचं स्वतःचं एक वाक्य आयुष्यात कधी नीट बसलं नव्हतं.

त्या मालकाकडे गेल्या. "परवा संध्याकाळी, सगळे गेल्यावर, तुम्ही काय करत होतात?" त्यांनी सहज म्हणून विचारलं. हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायच्या.

"मी? मी सगळ्यांबरोबरच घरी गेलो."

सरळ उत्तर होतं, पण देताना त्याचे हात चोळायचे थांबले. बाई शिवणाच्या खोलीत गेल्या आणि मावशींना विचारलं. मावशी पटकन बोलून गेल्या, "घरी कुठले? जुळणीच्या खोलीत बसले होते एकटे. दार लोटून. हल्ली बरेचदा बसतात. मी गेले तर चोर पकडल्यासारखे दचकले."

म्हणजे मालक खोटं बोलला होता.

४

"बसा ना," मावशी म्हणाल्या. साठीच्या, बोटांना सुईचे घट्टे पडलेल्या. "त्या पोरीला मी लहानपणापासून बघतेय. पण ऐकलं ते ऐकलं. खोटं कसं सांगू?"

"सांगू नकाच. मला फक्त सांगा, या फळीतून रोज काय काय ऐकू येतं?"

"सगळं! मला इंग्रजी येत नाही, पण कॉमा, सेमिकोलन, अपॉस्ट्रॉफी, सगळं पाठ झालंय. झोपेत बडबडते म्हणतो आमचा मुलगा." मावशींनी मान ताठ करून भोंग्याची नक्कल सुरू केली. "कॅपिटल द कोर्ट कॉमा हाउएव्हर कॉमा... की लगेच मास्तर, 'थांब! इथे कॉमा नाही!' हा म्हणायचा, 'प्रतीत आहे!' ते म्हणायचे, 'प्रतीत असेल, प्रुफात नाही. परत वाच.' मग याचं, 'अहो, पण या प्रकाशकाला तो चालत नाही!' मग भिंतीवरचा कागद बघायचा, मग त्यावरून दुसरं भांडण. सासू-सुनेनं इतकं भांडू नये."

"रोज?"

"रोज म्हणजे? दर पानाला! मास्तरांचा घसा बसलेला, पण 'थांब' म्हणायचे तेव्हा इकडे माझी सुई बोटात शिरायची."

"काल किती वेळा भांडले?"

मावशींनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"काल सकाळी एकदा मोठं भांडण झालं," त्या हळूहळू म्हणाल्या. "वाचनाचं नव्हतं. दबक्या आवाजात. मास्तर म्हणत होते, 'आता बास झालं.' एवढंच कळलं. मग माझ्या शेजारी कागद कापायचं यंत्र सुरू झालं. त्या धडधडीत काय ऐकू येणार? ते बंद झालं तेव्हा वाचन सुरू होतं. अगदी शांतपणे. मला वाटलं, मिटलं बाई भांडण. किती बरं वाटलं मला. जेवणापर्यंत एक अडथळा नाही, झऱ्यासारखं वाचन."

"आणि मास्तरांचा आवाज?"

"टकटक होती ना. पेन्सिलीची. म्हणजे मास्तर होतेच."

"मावशी, टकटक नव्हे. आवाज. त्यांचा आवाज तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?"

मावशींच्या हातातली सुई खाली पडली. त्यांनी ती शोधली नाही.

"कटर सुरू व्हायच्या आधी," त्या म्हणाल्या.

५

म्हणून काय झालं? माणूस एखाद दिवशी गप्पही बसतो. सकाळी भांडण झालेलं, मन उदास, प्रुफं स्वच्छ. मग 'थांब' कशाला म्हणेल? मोठे साहेब हेच म्हणणार, आणि भोंगाही हेच म्हणणार. प्रुफं स्वच्छ होती हे तर त्याने आपण होऊनच सांगून ठेवलं होतं. चौकीत सील करून ठेवलेल्या त्या प्रुफांवर पेन्सिलीची एक रेघ नव्हती हेही खरं.

बाईंनी मालकाला त्याच्या केबिनमध्ये गाठलं आणि दार लावून घेतलं.

"परवा संध्याकाळी जुळणीच्या खोलीत काय करत होतात? आणि आता घरी गेलो म्हणू नका. माझं डोकं आधीच तापलंय."

मालकाचा चेहरा पांढराफटक पडला. हा तर खुनाची कबुली देतो की काय, असं बाईंना क्षणभर वाटलं.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "मी चुका पेरत होतो."

"काय पेरत होतात?"

"चुका. त्या पत्रकानंतर मला झोप लागत नाही, बाई. ती पोरगी इतकी काळजीनं काम करणारी, ती आपल्या मनानं कॉमा काढेल हे मला पटेना. म्हणजे वाचनातच कुणीतरी डुलक्या घेत असणार. पण कोण? म्हणून प्रुफं छापायच्या आधी रोज संध्याकाळी मी गुपचूप जुळणीत चुका करतो. इथला कॉमा काढ, तिथे अपॉस्ट्रॉफी घाल. मूळ प्रत तशीच ठेवतो. त्यांचं लक्ष असलं तर पकडतील."

"पकडतात?"

"मास्तर? आजवर एक सोडली नाही! पत्रकाच्या वेळी काय झालं होतं कोण जाणे. नंतर तर डोळ्यांत तेल घालून बसायचे." त्याने नाक ओढलं. "पोरीच्या बाजूनं बोलायचं होतं मला. पुरावा काय देणार? आणि मी स्वतःच्याच पुस्तकांत चुका घालतो हे प्रकाशकांना कळलं, तर धंदा बसला."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "कालच्या प्रुफांत घातल्या होत्या?"

"घातल्या होत्या की. दर दोन-चार पानांआड."

"आणि भोंग्याला हे माहीत होतं?"

"कुणालाच नाही."

बाई एकदम उठल्या. जिना उतरता उतरता त्यांनी हवालदाराला ओरडून सांगितलं, की चौकीतून कालची प्रुफं घेऊन ये, धावत ये, आणि वाटेत कुणाशी गप्पा मारत बसू नकोस.

६

दुपारी वाचनाच्या खोलीत भोंगा त्याच्या जागी बसला, हातात मूळ प्रत घेऊन. समोर मास्तरांच्या खुर्चीत बाई. दाराशी मालक आणि हवालदार. फळीपलीकडे मावशी.

"मला जरा समजावून घ्यायचंय," बाई म्हणाल्या. "माझं इंग्रजी कच्चं. कॉमाबाई म्हणतात मला. तुम्ही काल वाचलंत तसंच वाचा."

"त्यांच्या खुर्चीत तुम्ही... बघवत नाही हो."

"वाचा."

तो वाचू लागला. आवाज खोलीभर घुमला. शब्द, कॉमा, शब्द, सेमिकोलन. बाईंचं बोट प्रुफावरून सरकत होतं. अर्थ त्यांना निम्माही कळत नव्हता. पण अर्थ कळायची गरजच नव्हती, कानाने ऐकायचं आणि बोटाने बघायचं. परिच्छेद संपला. बाईंनी पेन्सिल वाजवली, टक टक.

"मावशी," त्यांनी फळीकडे तोंड करून विचारलं, "ही टकटक माझी की त्यांची?"

"मला काय कळणार, बाई? टकटक ती टकटक," पलीकडून आवाज आला.

भोंग्याच्या कपाळावर घाम आला. त्याने पान उलटलं आणि वाचत राहिला.

"थांबा," बाई म्हणाल्या.

तो थांबला.

"तुम्ही कॉमा म्हणालात. इथे नाही."

"राहिला असेल एखादा."

"वाचा."

दोन पानांनंतर बाई पुन्हा म्हणाल्या, "थांबा. तुम्ही अपॉस्ट्रॉफी म्हणाला नाहीत. इथे आहे." थोड्या वेळाने पुन्हा, "थांबा. तुमचा फुलस्टॉप अवतरणाच्या आत, इथे बाहेर." दरवेळी त्याचा आवाज थोडा खाली उतरत होता. चौथ्यांदा बाईंनी 'थांबा' म्हटलं तेव्हा तो प्रतीकडे बघतच राहिला.

"ज्या बाईला कॉमा कुठे टाकावा हे जन्मात कळलं नाही, तिला या सापडल्या," बाई म्हणाल्या. "मास्तरांना एकही सापडली नाही? मालकांनी त्या मुद्दाम घातल्या होत्या. कित्येक दिवस घालतायत, आणि मास्तरांनी त्यातली एक सोडली नाही. काल सगळ्या सोडल्या. काल मावशींनी एकदाही 'थांब' ऐकलं नाही."

"त्यांचं लक्ष नसेल."

"मालक दाराशी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, मास्तर कॉमे तपासतायत. आज सकाळी मला म्हणालात, प्रुफं स्वच्छ होती. तुम्हाला कसं कळलं हो? प्रुफं तर त्यांच्यासमोर होती. त्यांनी अडवलं नाही, म्हणून तुम्हाला स्वच्छ वाटली. अडवायला माणूस होता कुठे? कटर सुरू असताना मफलर आवळलीत. कटर थांबला, पलीकडे शांतता पसरली. ती मावशींना खटकली असती. म्हणून तुम्ही वाचायला बसलात. त्यांच्या हाताखालची पानं तुम्हीच उलटलीत, पेन्सिल तुम्हीच वाजवलीत. जेवणाची वेळ होईपर्यंत एका मेलेल्या माणसाला तुम्ही कॉमासकट वाचून दाखवलंत."

फळीपलीकडे मावशी "अगं आई गं!" म्हणाल्या आणि खाली बसल्या.

"हे सगळं तुमच्या मनाचे खेळ आहेत," भोंगा म्हणाला. पण त्याचा आवाज आता घंटेसारखा नव्हता.

"असतील. बाह्या वर करा."

तो हलला नाही. हवालदाराने पुढे होऊन बटणं काढली. दोन्ही मनगटांवर नखांचे लांब ओरखडे होते, अजून ताजे.

भोंग्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि मग तो भडाभडा बोलत सुटला, जणू कुणी प्रतच समोर धरली होती. "मी कॉमा गिळला त्या दिवशी. घाई होती. एक पाच वाचलं. मास्तरानं ऐकलं तसं केलं, प्रुफातला कॉमा खोडला. पोरं मेली तेव्हा आम्हाला कळलं. ते प्रुफ मीच जाळलं. त्याला म्हटलं, बोललास तर दोघंही तुरुंगात, तुझ्या लेकीची काय, नोकरीच जाईल फार तर. तो गप्प बसला. रोज इथे येऊन बसायचा, त्याबद्दल काही बोलायचा नाही. आणि काल म्हणाला, आता बास झालं. लेकीला बोलावलंय. ती आली की आधी तिचे पाय धरणार, मग तिच्याबरोबर चौकीवर जाणार." त्याने ओठ चाटले. "मी हात जोडले हो. त्यानं ऐकलंच नाही."

"आणि ती येणार हे माहीत असूनही तुम्ही जेवायला गेलात."

बाईंना त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात त्यांनी कसाबसा आवरला.

७

लेक त्याच बाकावर बसली होती. बाईंनी तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. एक गोष्ट लपवावी असं त्यांच्या मनात आलं होतं, पण जी उद्या कोर्टात ऐकायची ती आज ऐकलेली बरी, असं त्यांनी ठरवलं.



"म्हणजे खूण केलेली त्यांना आठवत होती," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्या दिवसापासून."

"हो गं."

"लोकांनी माझ्या दारावर दगड मारले, बाई. माझ्या पोरीला कुणी खेळायला घेईना. ते दर आठवड्याला यायचे, तिला मांडीवर घेऊन बसायचे आणि जायचे. एक शब्द नाही." तिने डोळे पुसले नाहीत. "मला काम त्यांनीच शिकवलं. म्हणायचे, चूक दिसली की तिथेच थांबवायचं. वाक्य संपेपर्यंतसुद्धा वाट बघायची नाही, पुढे गेलं की परत येता येत नाही."

"ते काल सांगणार होते तुला."

"हो. आणि मी त्यांना काय काय बोलले! मेलेत हेसुद्धा मला कळलं नाही, इतकी त्यांच्या गप्प बसण्याची सवय झाली होती मला."

मग मात्र ती रडली. मोठ्याने, चौकीतली माणसं वळून बघतील अशी. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वळणाऱ्यांना नजरेनेच परत फिरवलं.

बऱ्याच वेळाने ती उठली. पदर नीट केला, पेल्यातलं पाणी एका दमात प्यायली.

"मी सुटले ना?"

"दोन्हींतून. पत्रकाच्या चौकशीतही भोंग्याची जबानी लागेल. मी स्वतः लिहीन, कॉमे चुकले तरी चालतील."

"मग मला आधी बाबांकडे न्या. त्यांना ताब्यात घ्यायला कुणीतरी सही करायला हवी ना? दुसरं कुणी नाहीये त्यांना." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "आणि जाताना वाटेत शेजारणीकडे दोन मिनिटं थांबू. पोर काल दुपारपासून माझी वाट बघतेय."